येत्या वर्षी सगळ्यांना

९ जानेवारी

आजपासून डायरी. मोठी माणसं चळवळीत पडली की डायरी लिहितात, आणि मी कालपासून चळवळीत पडले आहे.

कॉलेजच्या कँटीनमध्ये ‘सर्वांना आरोग्य विमा’ मोहिमेची पहिली सभा झाली. श्रोते म्हणजे आमच्याच वर्गातली डझनभर मुलं आणि ताटं घासणाऱ्या मावशी, ज्यांना जायला दुसरीकडे जागाच नव्हती. म्होरक्या अर्थातच लाउडस्पीकर. त्याचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यांखेरीज कुणाला आठवत नाही. सरकारने विधेयक आणलंय: प्रत्येक माणसाला एक कार्ड, आणि त्या कार्डावर तपासणी, औषधं, ऑपरेशन, सगळं. सध्या ते एका समितीपुढे पडून आहे. समितीला हलवायला आम्ही सह्या गोळा करणार.

मी तीन मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. टाळ्या इतक्या गोड लागतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला चळवळ आवडते की टाळ्या, याचा निकाल सवडीने लावीन.

घरी बाबा म्हणाले, “लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालीस. आधी औषधशास्त्रात पास हो.” आत्या मात्र माझ्या बाजूने उभी राहिली. “भाजू दे रे. भाकरी झाली की तूच पहिला ताट घेऊन बसशील.”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई सध्या दूरच्या बदलीवर आहे, त्यामुळे घरात राज्य आत्याचंच. तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, एक टेबल आणि ती स्वतः. अर्ध्या शहराला तिने गाडी शिकवली आहे आणि उरलेल्या अर्ध्याला ती रस्त्यावर शिव्या घालते.

१५ जानेवारी

आत्याने मला शिकवायला घेतलं. “डॉक्टर होशील तेव्हा होशील, रिव्हर्स तर यायला हवा.”

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आत्याचा पाय त्यावर असा असतो की आपण चुकायच्या आधी गाडी थांबलेली असते. लोक म्हणतात, बाईंच्या पायाला डोळे आहेत.

सध्या तिने नवीन पद्धत काढली आहे. शिकाऊ माणसाने दिसेल ते मोठ्याने बोलत राहायचं. “डावीकडे काय दिसतंय? बोल. उजवीकडे? बोल, बोल, तोंडात गुळणी धरलीस का?” मी आपली क्रिकेटच्या समालोचनासारखी सुरू. डावीकडे कुत्रं, उजवीकडे टेम्पो, कुत्र्याचा विचार बदलला. माझ्या आधी एक शाळामास्तर शिकतात. ते फार घाबरट, पण या पद्धतीमुळे त्यांचाही हात सुधारलाय म्हणे. मी आत्याला म्हटलं, यावर पुस्तक लिही. ती म्हणाली, “तू गिअर बघ.”

२३ जानेवारी

बाजारामागच्या गल्लीत सभा. बाकावर उभी राहून बोलले.

मागच्या वेळी मी विधेयकातलं कलम सांगत होते: आधीपासून असलेला आजारही नाकारता येणार नाही, वगैरे. समोरचे दोघं जांभया देत निघून गेले. लाउडस्पीकरने मला बाजूला घेऊन झापलं. “कलमं कसली वाचतेस? लोकांना तारीख लागते. तारीख दे!” मी म्हटलं, “अरे, समितीलाच तारीख माहीत नाही.” तो म्हणाला, “मग आपण कळवू समितीला.”

तेव्हा आज कलम गाळलं आणि घसा फोडून सांगितलं, “येत्या वर्षी प्रत्येकाच्या हातात कार्ड! येत्या वर्षी सगळ्यांना!” काय टाळ्या पडल्या! सह्यांसाठी रांग लागली. किल्ल्या बनवणाऱ्याने सही केली, शिंप्याने केली, पाव विकणाऱ्या बाईंनी स्वतःची केली आणि नवऱ्याची पण केली. लाउडस्पीकर म्हणाला, “बघ.”

थोडी बोलाचीच कढी झाली खरी. पण कढीला गर्दी तर झाली.

२४ जानेवारी

आज सकाळी आत्याने विचारलं, “येत्या वर्षी म्हणजे सुरुवातीला की शेवटी?” म्हटलं, काय गं? तर म्हणाली, “सहज. माणसाला माहिती नको का?”

बाबांनी मोहिमेबद्दल आजवर एक अक्षर विचारलेलं नाही. ही रोज विचारते. माझी पहिली कार्यकर्ती घरातच निघाली म्हणायची.

४ फेब्रुवारी

गाडीच्या डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. आत्या म्हणाली मास्तरांनी काढला. मास्तर म्हणतात त्या दिवशी ते आलेच नव्हते. बाबा म्हणाले, “तिला विचारायला जाऊ नका, आता ती तुम्हालाच ओरखडेल.”

संध्याकाळी स्वयंपाकघरातलं कपाटाचं दार उघडं होतं, त्यावर आत्याचं कपाळ आपटलं. बाबांना अर्धा तास ऐकवलं. दारं उघडी टाकणाऱ्या माणसांचा विमा उतरवू नये अशी सूचना तिने विधेयकासाठी केली आहे. मी ती लाउडस्पीकरला कळवली.

१२ फेब्रुवारी

आज आत्याने माझ्याकडून कोरे सहीचे कागद मागून घेतले. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची सही घेते म्हणे. लर्निंग लायसन्स नंतर, आधी सही. एका दिवसात गठ्ठा भरला! लाउडस्पीकर तिला भेटायला यायचं म्हणतोय. मी म्हटलं, येऊ नकोस, ती तुला गाडीत बसवील आणि तू बोलतोस तितकं कुणी बोललं तर तिला स्वर्ग ठेंगणा होईल.

खरं सांगायचं तर मला फार अभिमान वाटला. परक्यांना पटवणं सोपं असतं. घरच्यांनी आपल्याला नाक पुसायला येत नव्हतं तेव्हापासून बघितलेलं असतं, त्यांना पटलं तर खरं.

२० फेब्रुवारी

डोळ्यांच्या विभागात पोस्टिंग लागलं. मॅडम कडक आहेत, पण शिकवतात छान. आज कडेची नजर तपासायला शिकवलं. रुग्णाने तपासणाऱ्याच्या नाकाकडे बघायचं, आपण दोन्ही बाजूंना बोटं हलवायची आणि दिसली का विचारायचं. इतकं साधं.

घरी येऊन बाबांवर प्रयोग केला. आमच्या घरात डॉक्टरकीला बंदी आहे. पहिल्या वर्षी मी एका जेवणात बाबांना तीन असाध्य रोग लावले होते, तेव्हापासूनचा हा कायदा. पण बोटं हलवायला सूट मिळाली. बाबा म्हणाले, “दोन बोटं, एक वाढलेलं नख.” पास.

आत्या मात्र हाती लागेना. आधी म्हणाली डोकं दुखतंय, मग म्हणाली टायरात हवा भरायची आहे. परत आली ती थेट झोपायला. बंदी मोडायची नाही म्हणजे नाही. अशी तत्त्वाची माणसं हल्ली राहिली नाहीत.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला.

गाडी चालवताना मला समालोचनाचा कंटाळा आला होता. म्हटलं, आता येते की मला, कशाला पोपटपंची? गप्प बसले. आत्याने दोनदा विचारलं, “डावीकडे काय दिसतंय?” मी गंमत म्हणून ओठ मिटून घेतले. तेवढ्यात डावीकडच्या बोळातून एक सायकलवाला सुसाट आला. मी वाट बघत होते आत्याच्या ब्रेकची. इतक्या दिवसांत मला कधी स्वतः ब्रेक मारायची वेळच आली नव्हती. ब्रेक लागेना. शेवटी मीच किंचाळून पाय दाबला. सायकलवाला बंपरपासून वीतभर. त्याने आम्हा दोघींचा उद्धार केला आणि गेला.

आत्या पांढरीफटक पडली होती. “बोलत राहा म्हटलं होतं ना तुला! बोलत राहा म्हटलं होतं!” ती इतकी ओरडली की मला रडू आलं. एवढं काय चिडायचं? शेवटी ब्रेक तर मीच मारला.

२८ फेब्रुवारी

आत्याने आजच्या सगळ्यांना सुट्टी दिली. अबोला चालू आहे. मी पण बोलणार नाही.

१ मार्च

काय लिहू कळत नाही, पण लिहिते.

ओपीडीत आज एक आजी आल्या. सोबत सून. मी आजाराचा इतिहास विचारत होते आणि आजी सारख्या सुनेला विचारत होत्या, “शेजारी कोण बसलंय गं? दारातून कोण आलं?” सून वैतागून मला म्हणाली, “चार महिने झाले, असंच चाललंय. बसमध्ये सुद्धा. डावीकडे कोण, उजवीकडे कोण. चौकश्या फार वाढल्यात यांच्या.” मॅडमनी आजींपुढे बोटं हलवली. मधे सगळं स्वच्छ, कडेला काही नाही. काचबिंदू. मॅडम आम्हाला म्हणाल्या, “हा चोरपावलांनी येतो. दुखत नाही, खुपत नाही. माणूस मान वळवून, विचारून भागवत राहतो आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.”

ओरखडा. कपाटाचं दार. नवीन पद्धत! मी तिला पुस्तक लिहायला सांगितलं होतं.

घरी आले तर आत्या गाडी पुसत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात बाजूला करून बोटं हलवली. ती माझ्या नाकाकडे बघत राहिली.

“किती बोटं, आत्या?”

“बंदी आहे घरात.”

“आपण अंगणात आहोत. किती?”

तिने फडकं पिळलं. “दिसत नाहीत गं. मागच्या वर्षीपासून कमी कमी होत चाललंय.”

मला तिचा असा राग आला की बस. “मग दाखवलं का नाहीस? मी रोज त्या दवाखान्यात असते! रोज!”

“म्हणून तर नाही दाखवलं. दाखवलं की कागदावर येतं. कागदावर आलं की तो आधीचा आजार झाला, मग विमा काही देत नाही. विमावाल्याने स्वतः सांगितलंय मला. बाई, आधी पॉलिसी, मग डॉक्टर.”

“मग पॉलिसी का नाही घेतलीस?”

“दोनदोनदा कशाला घ्यायचा विमा? तू म्हणालीस ना, येत्या वर्षी सगळ्यांना. म्हटलं वर्षभराचा तर प्रश्न आहे. तेवढं शिकाऊंना बोलतं ठेवलं की निभावतं.”

“मी कधी म्हणाले तुला?”

“मला नाही. बाजारामागे, बाकावर उभी राहून. मी समोर गाडीत बसले होते. किती छान बोललीस! टाळ्या वाजवल्या मी.”

मी तिथेच पायरीवर बसले. ते गाळलेलं कलम आठवलं. या कायद्यात आधीचा आजार चालतो. तिला लपवायची काही गरज नव्हती, आणि हे तिला सांगायचं काम माझं होतं. मी म्हटलं, “आत्या, कायदा कधी येईल मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी ठोकून दिलं होतं.”

ती हसली. हसली म्हणजे हसायचा प्रयत्न केला. “मेले, आणि मी तीन गठ्ठे सह्या आणल्या.”

मग दोघी रडलो. बाबा बाहेर आले आणि काय झालंय ते न विचारताच आमच्याबरोबर पायरीवर बसले.

२ मार्च

मॅडमनी सगळ्या तपासण्या स्वतः केल्या. डोळ्यातला दाब खूप वाढलेला आहे. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली राखता येईल, त्यासाठी थेंब आयुष्यभर, न चुकता. आत्याने विचारलं, “गेल्या वर्षी आले असते तर?” मॅडम खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, “बरीच वाचली असती.” नंतर माझ्याकडे वळून, “जानेवारीत आल्या असत्या तरी थोडी वाचली असती.” त्यांना काय माहीत जानेवारीत मी काय करत होते.

गाडी बंद. हे ऐकताना मात्र आत्या खचली. “डोळ्यांचं चालेल हो. पण गाडी सोडली तर मी करू काय?” येताना ती मागच्या सीटवर बसली. बाबा गाडी चालवत होते आणि तिने एकदाही त्यांना शिवी घातली नाही.

काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून बाबांना आणि मलाही तपासलं. आम्ही दोघं ठीक. बाबा म्हणाले, “मी आधीच पास झालो होतो.” कुणी हसलं नाही.

७ मार्च

थेंबांची वेळ झाली की मी घालते. आत्या डोळे गच्च मिटते. इतकी वर्षं ट्रकवाल्यांना दम दिलेली बाई एका थेंबाला घाबरते.

तिची एक जुनी विद्यार्थिनी गाडीवर शिकवायला येणार आहे. आत्या टेबलापाशी बसून कायदे आणि खुणा शिकवील. काल मास्तरांना तिने एका खुणेवरून असं काही झाडलं की बाबा मला डोळा मारून म्हणाले, “जिवंत आहे.” पण दुपारी मी बघितलं, गाडी बाहेर निघाली की ती आवाज ऐकू येईपर्यंत दारात उभी राहते. हे बघवत नाही.

११ मार्च

उद्या समितीपुढे सुनावणी. विद्यार्थ्यांतर्फे बोलायला माझं नाव लागलं आहे. लाउडस्पीकरला सगळं सांगितलं, तर त्याचे डोळेच चमकले. “अगं, याहून मोठी साक्ष कुठली? आणायची का त्यांना?” आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला गप्प बस म्हटलं आणि तो बसला. मग हळूच म्हणाला, “तारीख मीच द्यायला लावली होती ना?” मी म्हटलं, “लावलीस तू, दिली मी.”

आत्याला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? ती म्हणाली, “सांग. पण नाव नको आणि गाडीचं तर मुळीच नको. शिकाऊ पळून जातील.” थोड्या वेळाने परत आली. “आणि सायकलवाल्याचं सांगू नकोस. मला त्याची स्वप्नं पडतात.”

१२ मार्च

सुनावणीची खोली आमच्या शवविच्छेदनाच्या हॉलएवढी थंड. सदस्य सगळे सभ्य. एकाला सर्दी. मी कलमं वाचली. हो, सगळी, जांभयांसकट. आधीच्या आजाराचं कलम दोनदा.

शेवटी अध्यक्षबाईंनी गोड आवाजात विचारलं, “मुद्दे चांगले आहेत. पण घाई कशाला? पुढच्या अधिवेशनात घेतलं तर काय बिघडेल?”

मी म्हटलं, “माझ्या नात्यातली एक बाई या कायद्याची वाट बघत होती. येतोय म्हणून मीच तिला सांगितलं होतं. वाट बघता बघता तिची नजर गेली. परत येणार नाही. तुम्ही अजून वाट बघायला सांगाल तर ती बघेल, तिच्यासारखे पुष्कळ बघतील. आम्ही सह्या आणल्यात त्या त्यांच्याच आहेत.”

टाळ्या पडल्या नाहीत. तिथे वाजवत नाहीत म्हणे. सर्दीवाल्या सदस्याने बराच वेळ काहीतरी लिहून घेतलं. मग निर्णय झाला: पुढच्या अधिवेशनात.

बाहेर आल्यावर लाउडस्पीकर म्हणाला, “विषय जिवंत आहे, ते महत्त्वाचं.” मी मान डोलावली. पण डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. पुष्कळ बघतील, असं मी आत बोलून गेले ते बोलायच्या ओघात. खरंच किती जण बघत असतील? आत्या एकटीच त्या गल्लीत नव्हती.

१३ मार्च

वॉर्ड बुडवून बाजारामागच्या गल्लीत गेले. लाउडस्पीकर एका टोकाने, मी दुसऱ्या. सांगायचं एवढंच: कायदा येईल तेव्हा येईल, त्याच्यासाठी थांबू नका. काही दुखत खुपत असेल तर आमच्या दवाखान्यात या. रांग मोठी आहे, मी सोबत उभी राहीन. तपासणी कागदावर आली तरी या कायद्यात चालते.

एका बाईंनी सरळ सुनावलं, “मग तेव्हा घसा कशाला फोडलास?” बरोबरच होतं. शिंपी म्हणाला त्याला काही झालेलं नाही, आणि बायकोने आतून ओरडून तीन गोष्टी सांगितल्या. लाउडस्पीकर लांबून खूण करून दाखवत होता, त्याच्याकडे दोघं निघाले म्हणून.

किल्ल्यांच्या दुकानातल्या काकांनी मला ओळखलं. हातातली कानस खाली ठेवली. “या, या. आलं का कार्ड?”

मी म्हटलं, “नाही, काका. लांबलंय. तुम्ही कशासाठी थांबला आहात का?”

“थांबलोय म्हणजे, तसं काही नाही. काखेत एक गाठ आहे.” त्यांनी ती सदऱ्यावरूनच दाबून दाखवली. “दुखत नाही हो. म्हणून म्हटलं, येत्या वर्षी एकदमच दाखवू.”

मी म्हटलं, “आज दाखवू. आत्ता.”

ते जरा हिरमुसले. “म्हणजे होणार नाही म्हणता कायदा? मग माझी सही काढून टाकता का?”

“सही राहू दे, काका. सही लागणारच आहे. तुम्ही चला.”

त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि तिथेच थबकले. “चार वाजता एक गिऱ्हाईक येतो म्हणालंय.”

मी उरलेलं शटर खाली ओढलं. म्हटलं, “त्याला थांबू दे.”